आखूड नळी, लांबलेला वाद

२०२५ संपता संपता दोन बातम्या पाठोपाठ आल्या. पहिली आपल्या घरची. लष्करासाठी सव्वाचार लाख कार्बाइन, म्हणजे आखूड नळीच्या रायफली, घेण्याचा करार झाला, त्यातला मोठा हिस्सा मुंढव्याच्या भारत फोर्जकडे आला, आणि तिच्या कार्बाइनमागे पाषाणच्या एआरडीई या सरकारी शस्त्रसंशोधन संस्थेचे काम आहे. दुसरी सातासमुद्रापलीकडची. अमेरिकेत आखूड नळीच्या रायफलीवर १९३४ पासून असलेला दोनशे डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला. या दोन बातम्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण पुण्यात दोन असंबद्ध गोष्टींची सांगड घालायला एक कप चहा पुरतो, आणि ती घातली गेलीच. रेंजवर, टेकडीवर सकाळी फिरणाऱ्यांत, निवृत्तांच्या व्हॉट्सॲप गटांत एकच वाद सुरू झाला. एक बाजू म्हणते, लष्कर आखूड रायफल घेते, अमेरिका तिच्यावरचा कर उठवते, मग आपल्याकडे परवानाधारकाने स्वतःच्या बंदुकीची नळी दोन इंच कमी केली तर त्याला सात वर्षे आत का टाकायचे? दुसरी बाजू म्हणते, आखूड रायफल हे गुंडांचे आणि अतिरेक्यांचे हत्यार, तिचे नावही काढू नका.

दोन्ही बाजूंचा आवाज मोठा आहे आणि पाया कच्चा आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. नळी कापायला मनाई करणारे शस्त्र कायद्याचे कलम ६ योग्य आहे आणि ते राहिले पाहिजे. पण आखूड रायफल जास्त जीवघेणी असते म्हणून ते योग्य आहे, असे कोणी सांगत असेल तर तो चुकतो. ती जास्त जीवघेणी नसतेच, ती लपते. कायद्याने धास्ती घ्यायची ती या लपण्याची. आणि एकदा हे कारण मान्य केले की कलम ६ ची आजची भाषा फार ढोबळ आहे आणि तिच्या मागची शिक्षा प्रमाणाबाहेर गेली आहे, हेही मान्य करावे लागते. बंदीच्या समर्थकांना हा दुसरा भाग आवडत नाही, विरोधकांना पहिला.

आधी यंत्राची बाजू, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. चाप ओढल्यावर काडतुसातली दारू एका क्षणात संपत नाही. गोळी नळीतून पुढे सरकत असते तेव्हाही ती जळत असते आणि तिचा वायू गोळीला मागून रेटत असतो. नळी जितकी लांब तितका हा रेटा जास्त वेळ मिळतो, अर्थात एका मर्यादेपर्यंत. नळी कापली की उरलेली दारू नळीच्या तोंडाबाहेर जळते. मोठा जाळ दिसतो, कानठळ्या बसतात आणि गोळी मात्र मंदावलेली असते. सोव्हिएत एके-७४ आणि तिची आखूड बहीण एकेएस-७४यू या दोघींचे काडतूस एकच. पहिलीची नळी ४१५ मिलिमीटर, गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने सुटते. दुसरीची नळी जेमतेम निम्मी, आणि वेग येतो ७३५ मीटरवर. ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते, म्हणजे नळी निम्मी केल्याबरोबर जवळपास एक तृतीयांश ऊर्जा हवेत गेली. ही झाली कारखान्यात, हिशेब करून आखूड केलेल्या रायफलीची गत. हॅक्सॉने कापलेल्या नळीचे हाल याहून वाईट. तिची कड जरा जरी वाकडी राहिली तरी बाहेर पडणारा वायू गोळीला एका बाजूने धक्का देतो आणि नेम जातो. पुढची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, नळीच्या टोकाशी असते, ती कापलेल्या तुकड्याबरोबर भंगारात जाते. ‘आखूड म्हणजे जास्त घातक’ म्हणणाऱ्यांनी बालेवाडीच्या रेंजवर एकदा चक्कर मारावी. स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या पन्नास मीटर प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारातले नेमबाज नळी कापायचे तर सोडाच, तिच्या तोंडाला आणखी एक पोकळ नळकांडे जोडून पुढची साइट अजून पुढे नेतात. दोन साइटमधले अंतर वाढले की चूक लहान होते, इतके साधे गणित.

मग लष्कर आखूड कशाला घेते? कारण लष्कराला खोलीत शिरायचे असते, चिलखती गाडीतून उतरायचे असते, हेलिकॉप्टरमधून उडी घ्यायची असते. काश्मीरमधल्या एखाद्या घराच्या अरुंद जिन्यात लांब रायफल वळत नाही, आणि तिथे शत्रू चारशे मीटरवर नसतो, दाराआड असतो. तिथे थोडा वेग गमावून वळण्याची मोकळीक मिळवणे हा शहाणपणाचा सौदा आहे. पण तो सौदा रचनेच्या टेबलावर होतो. नळीतला वायू वापरून पुढची गोळी भरणाऱ्या रायफलीत वायू कुठून घ्यायचा, किती घ्यायचा, गोळी नळीत असेपर्यंत तो किती क्षण मिळतो, हे सगळे नळीच्या लांबीशी बांधलेले असते. एकेएस-७४यूची नळी इतकी तोकडी झाली की यंत्रणा चालण्यापुरता दाब टिकवायला तिच्या तोंडाशी वेगळा फुगीर कक्ष बसवावा लागला. नऊवारी कापून पाचवारी करता येते, रायफलीचे तसे नसते. आखूड म्हणूनच जन्मलेली कार्बाइन आणि करवतीखाली आखूड झालेली रायफल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाषाणच्या अभियंत्यांचे यश दाखवून गल्लीतल्या करवतीला प्रतिष्ठा देणे हा त्या अभियंत्यांचाही अपमान आहे.

हा वाद आपल्याकडेच सुरू झाला असेही नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात इंग्रजांची लांब ली-एनफिल्ड रायफल घोडदळाला जड पडली आणि घोडदळाची कार्बाइन बोअरांच्या माउझर रायफलींपुढे तोकडी पडली. (त्या युद्धातले कित्येक बोअर कैदी आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यापर्यंत येऊन पोचले, तो वेगळा विषय.) त्यातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मधला मार्ग निघाला. ३०.२ इंचांची नळी २५.२ इंचांवर आणली आणि पायदळ-घोडदळ दोघांना एकच रायफल दिली. तेव्हा लंडनच्या नेमबाजीच्या वर्तुळांत केवढा गदारोळ झाला! आता नेम लागणार नाही, संगिनीच्या लढाईत आपला शिपाई शत्रूच्या हातभर मागे पडणार, असे जाणकार छातीठोकपणे सांगत होते. लष्कराने दुसरी तक्रार इतकी मनावर घेतली की १९०७ च्या नमुन्यात संगिनीचे पाते बारा इंचांवरून सतरावर नेले. नळीचे पाच इंच कापले आणि संगिनीला पाच इंच जोडले. पुढे दहा वर्षांच्या आत महायुद्ध पेटले, आणि हीच आखूड रायफल त्या सैन्याचे मुख्य हत्यार ठरली. ती भारतीय पलटणींच्याही हाती आली, आणि इछापूरच्या कारखान्यात वर्षानुवर्षे बनत राहिली. म्हणजे आखूडपणाला विरोध करणारे तेव्हा चुकले. पण गोष्ट इथे संपत नाही. १९४४ मध्ये तिच्याच वंशातली नळी आणखी कापून ‘जंगल कार्बाइन’ निघाली. तिचा धक्का खांद्याला सोसवेना आणि तिचा नेम स्थिर राहत नाही अशी ओरड झाली, आणि तीन-चार वर्षांत तिचे उत्पादन थांबले. कापणे बरोबर की चूक, हा प्रश्नच अपुरा आहे. किती, कुठे, कोणी आणि कशासाठी, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

स्वसंरक्षणवाल्यांचा मुद्दा मी फार वेळ चघळणार नाही. घरात शिरलेल्या चोरासाठी आखूड रायफल सोयीची, असे ते म्हणतात. कोथरूड-वारज्याच्या आपल्या फ्लॅटमध्ये दोन खोल्यांमधली भिंत चार इंची विटेची. रायफलीची गोळी, आखूड नळीतून सुटलेलीसुद्धा, त्या भिंतीपाशी थांबेल याची खात्री कोण देणार? पलीकडच्या खोलीत मुले झोपलेली असतात, आणि भिंतीच्या पलीकडे कधी कधी जोशी काकूंचे स्वयंपाकघर असते. शिवाय बंद खोलीत तो आवाज आणि तो जाळ झाला की स्वतःलाच काही क्षण ना धड दिसते ना ऐकू येते.

आता विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा, आणि तो खरोखर बळकट आहे. लपण्याचीच भीती असेल तर रिव्हॉल्व्हर रायफलीहून कितीतरी लहान आहे. त्याचा परवाना मिळतो, कानपूरच्या कारखान्यातून .३२ चे रिव्हॉल्व्हर रीतसर विकत मिळते. मग रिव्हॉल्व्हर कायदेशीर आणि त्याच्या दुप्पट लांबीची कापलेली बंदूक जन्मठेपेची, हे कुठले तर्कशास्त्र? अमेरिकेपुरता हा प्रश्न बिनतोड आहे. तिथे १९३४ चा कायदा करताना मूळ मसुद्यात पिस्तुले-रिव्हॉल्व्हरही होती. ती आत होती तेव्हा आखूड रायफलींवरची बंधने समजण्याजोगी होती. पिस्तुलावर नियंत्रण आले की लोक रायफल कापून तिचे पिस्तूल करतील, म्हणून ती पळवाट बुजवली. पुढे विरोध झाला आणि पिस्तुले मसुद्यातून वगळली गेली. दरवाजा काढून नेला आणि खिडकीचे गज तेवढे राहिले. तेव्हापासून तिथे नव्वद वर्षे या गजांवर वाद चालला आहे. आधी मर्यादा १८ इंच होती, १९६० मध्ये रायफलींसाठी १६ झाली. सतरा इंचांची रायफल आदल्या दिवशी गुन्हा आणि दुसऱ्या दिवशी निर्दोष. अपंग माजी सैनिकाला एका हाताने पिस्तूल धरता यावे म्हणून कोपराखाली हाताला बांधायचा आधार निघाला, तो लोकांनी खांद्याला लावायला सुरुवात केली. २०२३ मध्ये सरकारने त्याला रायफलीचा दस्ता ठरवले, आणि २०२४ मध्ये टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाने तो नियमच रद्द केला. आताही शून्य झाला आहे तो कर. नोंदणी कायम आहे. ‘अमेरिकेने आखूड रायफली मोकळ्या केल्या’ असे आपल्याकडे जे फिरते आहे ते खरे नाही.

त्याच कायद्याखालच्या १९३९ च्या मिलर खटल्याचा दाखला दोन्ही बाजू देतात. अर्धी कापलेली दुनळी बंदूक ओक्लाहोमातून आर्कान्सात नेली म्हणून दोघांवर खटला झाला. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, अठरा इंचांहून आखूड नळीच्या बंदुकीचा नागरी सैन्यदलाला काही उपयोग आहे असा पुरावा आमच्यासमोर आलेला नाही. येणार कुठून? आरोपींच्या बाजूने न्यायालयात कोणी उभेच राहिले नव्हते, आणि निकालाआधीच मिलर मारला गेला होता. एकाच बाजूचे ऐकून दिलेल्या निकालावर तिथे पुढची सत्तर वर्षे युक्तिवादांचे इमले उभे राहिले. तो इमला उचलून आपण पुण्यात का आणायचा?

कारण आपला कायदा त्या खिडकीतून आलेलाच नाही. आपल्या १९५९ च्या कायद्याचे कलम १३ किती जणांनी वाचले आहे? त्यात वीस इंच हा आकडा स्पष्ट लिहिलेला आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली, म्हणजे छऱ्यांची बंदूक कोणी मागितली, किंवा पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली, तर इतर अडचण नसेल तेव्हा अधिकाऱ्याने परवाना द्यायचा, अशी त्याची रचना आहे. मान्यताप्राप्त क्लबच्या सदस्याच्या .२२ रायफलीलाही तीच वागणूक. बाकी शस्त्रांसाठी, त्यात रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल आलेच, अधिकाऱ्याला कारण सबळ आहे अशी खात्री पटली पाहिजे. म्हणजे आपल्याकडे लांबी ही कायदेशीर-बेकायदेशीर यांमधली भिंत नाही, सोप्या परवान्यातून अवघड परवान्यात जाण्याची पायरी आहे. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला रानडुकरांपासून ऊस आणि मका वाचवायचा आहे, त्याला लांब नळी चालते, किंबहुना तीच हवी असते. ती खांद्यावर दिसते, गावाला दिसते, बीट अंमलदाराला दिसते. त्याने ती सोप्या अटींवर घेतली आणि नंतर कापली, तर अवघड परवान्याची वस्तू त्याने मागच्या दाराने मिळवली असे होते. रिव्हॉल्व्हरवाल्याला जे पोलीस आयुक्तांसमोर सिद्ध करावे लागले, ते याने करवतीने उरकले. रिव्हॉल्व्हरच्या मुद्द्याला माझे उत्तर एवढेच आहे, आणि ते पुरेसे आहे असे मला वाटते.

दुसरा बळकट मुद्दा असा, की गुन्हेगार कुठे रायफली कापत बसतात? त्यांना गावठी कट्टा मिळतो. खरे आहे. .३१५ किंवा बारा बोअरचे काडतूस एका आखूड नळीतून उडवणारा कट्टा हीच मुळात सर्वांत आखूड रायफल. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलीस थेट मध्य प्रदेशात बडवानी जिल्ह्यातल्या उमरटीत जाऊन पिस्तुलांच्या भट्ट्या मोडून आले. पुण्यात सापडणाऱ्या हत्यारांचा माग तिथवर जात होता, परवानाधारकांच्या कपाटांकडे नाही. मग कलम ६ कशाला? पण याच वस्तुस्थितीकडे दुसऱ्या अंगाने बघा. कट्ट्याला पल्ला नाही, नेम नाही, दुसरी गोळी भरायला वेळ लागतो, कधी कधी तो चालवणाऱ्याच्याच हातात फुटतो. तरीही त्याला गिऱ्हाईक आहे, कारण तो शर्टाखाली मावतो. कोयत्याचे काय? ऊसतोड कामगाराचे अवजार ते, पण या शहराला कोयता गँग हा शब्द पाठ झाला. कोयता विकताना गिऱ्हाईकाचे आधार कार्ड बघा, असे दुकानदारांना सांगण्याची वेळ पोलिसांवर आली. कोयत्याला तर मारक पल्ला हातभरसुद्धा नाही. गुन्हेगारी जगात पल्ल्याला आणि वेगाला किंमत नसते, लपण्याला असते, याहून मोठा पुरावा कोणता हवा? जी गोष्ट लांब बंदुकीला लपवण्याजोगी करते, तिच्यावर म्हणूनच पहारा हवा. कट्टे येतात म्हणून कपाटातल्या बंदुका कापायला मोकळीक द्या, हा युक्तिवाद मला समजत नाही.

तिसरा मुद्दा भावनेचा आहे, आणि पुण्यात तो हलक्याने घेता येत नाही. शस्त्रबंदी ही मुळात इंग्रजांची देणगी. १८७८ चा व्हाइसरॉय लिटनचा कायदा भारतीयाला परवाना मागायला लावत होता आणि युरोपियनाला सूट देत होता. गांधीजींसारख्या अहिंसावाद्यानेही १९१८ मध्ये लिहिले की एका अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राजवटीच्या कृत्यांत सर्वांत काळा ठरेल. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता, तो संविधानात का आला नाही? घटना समितीत १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडलीही होती, ती स्वीकारली गेली नाही. मला कामतांच्या मुद्द्याबद्दल आदर आहे. पण लिटनच्या कायद्यातला अन्याय हा माणसामाणसांत भेद करण्याचा होता. शस्त्राशस्त्रांत भेद करणे ही निराळी गोष्ट आहे. आणि इतिहासच काढायचा तर पूर्ण काढू. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून येणाऱ्या रँडच्या गाडीची वाट पाहत चापेकर बंधू थांबले होते. लांब नळीची बंदूक घेऊन त्या रात्री त्या रस्त्यावर कोणाला उभे राहता आले असते? त्यांच्या हेतूबद्दल पुण्यात कोणाला शंका नाही. पण हत्यार अंगावर लपले तर ते काय करू शकते, हे या शहराइतके कोणाला ठाऊक असावे? राज्य परक्यांचे होते तेव्हा जे शौर्य होते, तेच आज नाना पेठेत किंवा कोथरूडमध्ये दिवसाढवळ्या झाले तर आपण त्याला काय म्हणतो?

इथपर्यंत बंदीचे समर्थक माझ्यावर खूश असतील. आता त्यांची पाळी. कलम ६ मध्ये लांबीचा आकडाच नाही. बंदुकीची नळी परवान्याविना आखूड करू नये, नळीबद्दल एवढेच ते म्हणते. तीस इंचांची अठ्ठावीस केली तरी तेच, दहा केली तरी तेच. आता एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. पावसाळ्यात बांधावरून जाताना शेतकऱ्याची बारा बोअरची छऱ्यांची बंदूक तोंडावर आपटते, नळीच्या तोंडात चिखल बसतो, ते लक्षात न येता बार उडतो आणि नळीचे टोक फुगते किंवा चिरते. उरलेली नळी ठणठणीत. अशा वेळी फुगलेला तुकडा कापून कड पुन्हा घासणे हीच दुरुस्ती, जगभरातले बंदूक दुरुस्त करणारे तीच करतात. अठ्ठावीसची सव्वीस झाली तर ती कोणाच्या सदऱ्याखाली लपणार आहे? पण आपल्या कायद्याच्या अक्षरानुसार, त्यासाठी वेगळा परवाना हाती नसेल तर, तो कलम ६ चा भंग आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप. शेजारच्याच पोटकलमाशी ताडून पाहा. मनाई असलेले शस्त्र, म्हणजे एके-४७ सुद्धा, बेकायदा जवळ बाळगल्याची शिक्षा सात ते चौदा वर्षे. घरात एके ठेवणाऱ्याला वरची मर्यादा चौदा, आणि स्वतःच्या परवान्याच्या बंदुकीचे दोन इंच कापणाऱ्याला जन्मठेप. हे कोणाला न्याय्य वाटते? पोलीस असा खटला भरणार नाहीत, हे उत्तर मला देऊ नका. पोलिसांच्या दयेवर चालणारा कायदा हा हप्त्याचा कायदा असतो, हे परवाना नूतनीकरणाच्या रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही विचारा.

ब्रिटनने काय केले ते पाहण्याजोगे आहे, निदान त्यांच्याकडून आलेल्या कायद्याची मूळ वंशावळ तरी कळेल. त्यांच्या १९६८ च्या कायद्यात छऱ्यांच्या बंदुकीची नळी २४ इंचांखाली नेणे हा गुन्हा आहे. आकडा दिला आहे. आणि पुढच्याच ओळीत अपवाद आहे. नोंदणीकृत विक्रेत्याने सदोष भाग बदलण्यासाठी नळी कापली आणि शेवटी ती २४ इंचांहून कमी राहिली नाही, तर गुन्हा नाही. स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर १९९७ मध्ये त्यांनी आणखी कडक पाऊल उचलले. ३० सेंटिमीटरहून आखूड नळी किंवा एकूण ६० सेंटिमीटरहून कमी लांबी असलेल्या बहुतेक सगळ्या बंदुका मनाईच्या यादीत गेल्या. कडकपणा आणि नेमकेपणा एकत्र नांदू शकतात.

आकडा दिला की त्याला पळवाट निघते, हे मी नाकारत नाही. इंग्लंडमध्ये साठ सेंटिमीटर भरवण्यासाठी लोकांनी रिव्हॉल्व्हरच्या मुठीमागे लांबलचक दांडा बसवून घेतला, आणि अमेरिकेतला हाताला बांधायचा आधार वर आलाच आहे. पण पळवाट शोधणाऱ्यालाही तिथे साठ सेंटिमीटरची, न लपणारी वस्तूच बनवावी लागली! कायद्याचा हेतू त्या विचित्र दांड्यासकट साधला गेला. आकडा नसलेल्या कायद्यात पळवाट अधिकाऱ्याच्या मर्जीत असते, आणि ती कधी कोणासाठी उघडेल ते सांगता येत नाही.

तेव्हा कलम ६ ठेवावे, पण त्यात कलम १३ मधलाच वीस इंचांचा आकडा आणावा. छऱ्यांच्या बंदुकीची नळी त्याखाली नेली तर कठोर शिक्षा, जन्मठेपसुद्धा असू द्या. त्यावरच्या लांबीत परवानाधारक दुरुस्तीवाल्याने खराब टोक कापले आणि वहीत नोंद केली, तर तो गुन्हा नसावा. नोंद न करता कापले तर दंड. रायफलीसाठी वेगळा आकडा ठरवावा लागेल, आणि तो ठरवायला पाषाणात आणि खडकीत माणसे बसलेली आहेत, त्यांना विचारावे. नाहीतर तो आकडाही दिल्लीत कोणीतरी अंदाजाने लिहील.

यावर शेवटची शंका येते ती अंमलबजावणीची. नळ्या मोजत कोण फिरणार? फिरायची गरजच नाही. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात बंदुका जमा करायला लावतात. छाननी समिती कोणाला सूट देते, कोणाला नाही, पण बहुतेकांची बंदूक एकदा तरी टेबलावर येते. तिचा नंबर परवान्याशी ताडून पाहतातच. त्याच वेळी शिंप्याची टेप नळीला लावायची आणि आकडा रजिस्टरमध्ये टाकायचा, काम दोन मिनिटांचे. लोकसभा, विधानसभा, महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत असे करता करता पुणे जिल्ह्यात पाच वर्षांत एकही नळी मोजायची राहणार नाही.